सिल्लारीला शाळेची सहल: सफारीशिवाय नुसतं माहिती केंद्र दाखवण्यात अर्थ आहे का?

सूरकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. मोहाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिकवतो. पाचवी ते सातवीची मिळून ४१ मुलं आहेत. जानेवारीत एका दिवसाची सहल पेंच व्याघ्र प्रकल्पाला, सिल्लारी गेटच्या बाजूने न्यायचा विचार आहे. एसटीचा प्रासंगिक करार करू, म्हणजे अख्खी बस भाड्याने घेऊ. शाळेच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, म्हणून तेवढं जमतंय. सफारी मात्र परवडत नाही. एका जिप्सीत सहा जण, म्हणजे शिक्षक धरून आठ जिप्स्या लागतील, गाइडचे पैसे वेगळे. आमचे पालक धानाचे पैसे हातात आल्यावर दोन-अडीचशे रुपये देतात, तेच माझ्या लेखी खूप आहे. चार-पाच घरी तर मी मागतही नाही.

तर सफारी न करता गेटजवळचं निसर्ग माहिती केंद्र दाखवून, जेवण करून मुलं परत आणावीत का? आमचे एक सहकारी म्हणतात, पोरं वाघ-वाघ करत जातील अन् चित्रातला वाघ बघून येतील. त्यापेक्षा रामटेकचा गड, अंबाळा तलाव, मनसरचं उत्खनन आणि वेळ उरला तर खिंडसी करू. त्यांचंही चुकीचं नाही.

पण माझं मन तिकडेच ओढ घेतंय, त्याचं कारण सांगतो. मागच्या वर्षी आमच्या शिवारात बिबट आला होता. दोन बकऱ्या गेल्या. महिनाभर बाया दिवस मावळायच्या आत घरी यायच्या. त्यानंतर सातवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं, "जंगल सरकारने वाघासाठी ठेवलेले आहे. त्यात आपले काही नाही." त्या वाक्याखाली मी लाल रेघ मारू शकलो नाही. काय दुरुस्त करावं तेच सुचलं नाही. तो मुलगा यंदा आठवीला दुसऱ्या शाळेत गेला, पण त्याची बहीण माझ्याकडे सहावीत आहे.

केंद्राला किती वेळ लागतो, तिथं कोणी समजावून सांगतं का, मुलींची सोय कशी आहे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

---

धंतोलीकर

सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही दरवर्षी दोन-तीनदा जातो. माहिती केंद्र म्हणजे गाडी सुटायच्या आधीची वीस मिनिटं. एवढ्या लांब जाऊन जंगलात शिरायचंच नसेल तर मुलांचा हिरमोड होईल. गावात कोणी दाता बघा, बुकिंग खूप आधी करा, आणि निदान सातवीच्या मुलांना तरी सफारी घडवा. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं, जानेवारीत तो प्रश्न नाही. पहाटे थंडी मरणाची असते, कानटोप्या सांगा.

---

कुहीची ताई

मास्तर, आम्ही तुमच्या बरोबर उलट केलं होतं, म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका दात्याच्या पैशातून चार जिप्स्या केल्या. कोणत्या गेटवर ते सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. चोवीस मुलं सफारीला गेली आणि उरलेली सतरा गेटवर बसून राहिली. कोण जाणार हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. आम्हाला वाटलं न्याय केला. गेलेल्यांना वाघ दिसला नाही, ती रडवेली. न गेलेली आधीपासूनच रडवेली. माहिती केंद्र शेजारीच होतं, पण "वेळ नाही, वेळ नाही" म्हणत आम्ही तिकडे फिरकलोच नाही. परतीच्या बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत. मला ती शांतता अजून आठवते.

त्यामुळे सगळ्यांना मिळेल तेच करा. अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरं, असं लेकरांच्या बाबतीत करू नये.

मुलींच्या सोयीचं: स्वच्छतागृह असतं, पण ४१ मुलांची एकदम रांग लागली की अर्धा तास तिथेच जातो. मनसरला बस थांबवून एकदा उरकून घ्या. सोबत बाई शिक्षिका हवीच, सहावी-सातवीच्या मुली तुम्हाला सांगणार नाहीत. माझ्या पिशवीत पॅड आणि जुन्या साडीचा एक मोठा तुकडा कायम असतो.

---

बीटवाला

गुरुजी, नमस्कार. मी ३१ वर्षं वनखात्यात काढली, आधी वनरक्षक, शेवटी वनपाल म्हणून निवृत्त झालो. आता रामटेक तालुक्यातच राहतो. तुमचा निबंधाचा किस्सा वाचून मी मोबाइल खाली ठेवला अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मग लिहायला घेतलं. थोडं लांबेल.

धंतोलीकर साहेब म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे. ज्याला जंगलात जायचंच आहे त्याला केंद्र म्हणजे ताटकळायची जागा. पण तुमच्या पोरांना ते बघायला वीस मिनिटं नाहीत, दोन तास लागतील, जर तयारी करून नेलं तर. तयारी न करता नेलं तर तुमचे सहकारी म्हणतात तसंच होईल.

पहिलं सांगतो ते नकाशाचं. अशा केंद्रात जंगलाचा नकाशा असतो. तो नकाशा जंगलाच्या हद्दीपर्यंत असतो. हद्द संपली की पांढरं. तुमचं गाव त्या पांढऱ्यात येतं, अन् तुमच्या त्या पोराने निबंधात नेमकं तेच लिहिलं आहे. म्हणून जाण्याआधी वर्गात एक मोठा नकाशा तुम्हीच काढा. चार ड्रॉइंग शीट चिकटवून. पेंच नदी वर छिंदवाड्याकडून येते, जंगलातून वाहते, तोतलाडोहला अडते. तिथून खाली नवेगाव खैरीचं धरण. तिथून एक पाणी नागपूरच्या नळाला जातं अन् एक कालव्याने धानाला. तुमच्या मोहाडी-भंडाऱ्याकडे पेंचच्या कालव्याचं पाणी येतं न जी? रोवण्याच्या दिवसांत पाणी सोडा म्हणून ओरड होते तेच पाणी. उरलेली नदी पुढे कन्हानला अन् कन्हान वैनगंगेला. हे सगळं पोरांच्या हाताने काढून घ्या अन् त्यावर शाळेचा ठिपका द्यायला लावा. तो नकाशा गुंडाळून सोबत न्या अन् केंद्रातल्या नकाशाखाली जमिनीवर पसरा. जिथं केंद्राचा नकाशा संपतो तिथून तुमचा सुरू झाला पाहिजे.

वाघाचं नाव त्यानंतर काढा. मी वाघाला कमी लेखत नाही, माझी भाकर त्याच्यावर होती. पण वाघापासून सुरुवात केली की पोरं दुसरं काही ऐकत नाहीत. १९७५ ला हे राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ ला व्याघ्र प्रकल्प. ही वर्षं फळ्यावर लिहायची असतील तर लिहा. पण त्यांना हे सांगा की डोंगरावर झाडोरा टिकला म्हणून माती धरणात येत नाही, अन् माती आली नाही म्हणून धरणात पाणी मावतं. हे धान लावणाऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही, बांध फुटल्यावर काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

दुसरं, ठशाचं. केंद्राबाहेर, जिथं गाड्या उभ्या राहतात तिथं बारीक धूळ असते. तिथं हमखास कुत्र्याचे पाय उमटलेले असतात. पोरांना गोल बसवा अन् तो ठसा नीट बघायला लावा. समोर चार बोटं, मागे गादी, बोटांपुढे नखांची टोचणी. आता वाघाचा ठसा: बोटं चारच, पण नखं उमटत नाहीत, कारण तो नखं आत ओढून चालतो. मागच्या गादीला तीन फुगोटे असतात. नराच्या मागच्या पायाचा ठसा चौकोनात बसतो, मादीचा लांबट असतो. आम्ही हे कसं शिकलो माहीत आहे का? ठशावर काच धरायची, अंगाची सावली पडू द्यायची नाही, अन् स्केच पेनने कड गिरवायची. मग काचेवरून कागदावर. अशा काचा घेऊन आम्ही पहाटे नाल्यानाल्याने हिंडायचो. पुढे कॅमेरे आले. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे टिपतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आपल्या अंगठ्यासारखं. आता मोजणी त्यावर होते अन् ती जास्त खरी आहे. पण ठसा वाचता येणं कामाचंच आहे. तुमच्या शिवारात परत बिबट आला तर "वाघ आला" म्हणून पळापळ होण्याऐवजी एखादं पोरगं वाकून बघेल.

तिसरं, विचारायचे प्रश्न. घरून प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, पण तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. मोह वेचायला कोण जायचं, तेंदूपत्त्याला कोण जायचं, अस्वल कुठं दिसलं होतं. मोहाखालचा पाला जाळतात अन् त्यातून वणवा लागतो, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, फक्त गुरुजीसमोर बोलत नाहीत. उन्हाळ्याआधी आमची माणसं वणवा अडवायला जाळरेषा काढतात, ती काय असते ते वनरक्षकाला विचारायला लावा. पाटीवर लिहिलेलं पोरं वाचून दाखवतात अन् विसरतात. खाकी कपड्यातल्या माणसाने "तुझी आजी बरोबर सांगते" म्हटलं की जन्मभर विसरत नाहीत.

आता वेळेचं. सकाळच्या सफारीच्या गाड्या सुटताना अन् दुपारच्या गाड्या लागताना गर्दी असते. त्या मधल्या वेळात पोचा, दहा-साडेदहाला. तेव्हा केंद्र मोकळं असतं अन् सकाळी जंगलातून आलेले गाइडही मोकळे असतात. बहुतेक आजूबाजूच्या गावांतलीच पोरं-पोरी आहेत, प्रेमाने विचारलं तर भरभरून सांगतात. पण नुसतं जाऊन उभं राहू नका. पंधरा दिवस आधी शाळेच्या लेटरहेडवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने पत्र द्या: अमुक दिवशी इतकी मुलं येत आहेत, माहिती देण्यासाठी एक माणूस मिळावा, केंद्र त्या दिवशी सुरू आहे का ते कळवावं. पत्राची पोच घ्या. साप्ताहिक सुट्टी, शुल्क, जेवायची जागा हे सगळं त्यातच विचारून घ्या, कारण हे नियम बदलत राहतात.

रस्त्याचं: रामटेक, मनसर, मग हायवेने पवनी अन् तिथून सिल्लारी. ड्रायव्हरला आधीच बजावा की ही देवलापारच्या बाजूची पवनी, आपल्या भंडाऱ्याची वैनगंगेकाठची पवनी नव्हे. हसू नका, फोनवर अशी गफलत झालेली मी पाहिली आहे.

रामटेक करायचं तर परतीला, तेही नुसता गड. मनसर, खिंडसी सोडून द्या. चार ठिकाणं दाखवली की पोरांना फक्त बस आठवते.

---

सूरकाठचा मास्तर

काका, तुमचं उत्तर मी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझे सहकारी ऐकत होते. नकाशाचं आलं तेव्हा म्हणाले, "ड्रॉइंग शीट मी आणतो." कालव्याचं पाणी आमच्या गावच्या शेवटच्या टोकाला येतं, कधी येतं कधी नाही. हे पाणी पेंचच्या जंगलातून येतं हे पुस्तकात कुठे नाही, आणि मीही असं जोडून कधी शिकवलं नव्हतं.

ताई, चिठ्ठ्यांचं वाचून आमचा निर्णय झाला. सगळी मुलं केंद्र बघतील, सफारी कोणीच नाही. शेजारच्या शाळेच्या बाई सोबत यायला तयार आहेत.

काका, अजून एक. हायवेखालून वाघ जातात असं मुलं म्हणतात. ते खरं आहे का? आणि ४१ मुलं एकदम आत न्यावीत का?

---

बीटवाला

खरं आहे. मनसर ते खवासा या टप्प्यात हायवे जंगलातून जातो. रस्ता चौपदरी करताना जनावरांसाठी अंडरपास अन् पूल धरून नऊ बांधकामं केली, सगळ्यात लांब ७५० मीटरचं आहे. वरून ट्रक जातात, कडेला आवाज अन् उजेड अडवायला भिंती आहेत, खालून जनावरं. २०१९ मध्ये तिथं कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा १८ जातींची जंगली जनावरं खालून गेलेली दिसली, त्यात ११ वाघ होते. चितळ तर कळपाने जातात. तुम्ही पवनीला वळणार म्हणून तो सगळा टप्पा वाटेत येत नाही, अन् हायवेवर बस थांबवायची तर अजिबात नाही. आधीच वर्गात चित्र काढून सांगा: वर आपण, खाली ते. मला स्वतःला हे एक काम फार समाधानाचं वाटतं, कारण जुन्या रस्त्यावर चिरडलेली जनावरं मी उचलली आहेत.

४१ एकदम नको. दोन गट करा. एक गट आत, एक बाहेर ठशाजवळ, मग अदलाबदल. आत गेलेल्या गटाला आधी पाच मिनिटं काहीही न सांगता हिंडू द्या. प्रत्येक पोरगं आपल्या आवडीच्या ठिकाणी जाऊन थांबतं. तिथून बोलायला लागा.

मुक्काम शक्य असता तर रात्रीचं आभाळ दाखवा म्हटलं असतं. २०२४ च्या जानेवारीत पेंचला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जागेचा मान मिळाला, देशातला पहिला. वाघोली तलावाकडची अन् सिल्लारी, पिपरिया, खापा ही गावं, तिथल्या रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड खाली पडेल असं करून घेतलं आहे. पण एका दिवसाच्या सहलीत ते बसत नाही. तुमच्या शिवारातून अमावास्येला जे दिसतं तेही काही कमी नाही.

शिदोरी घरून आणा. वानरांना काही देऊ नका, कितीही पोरं हट्ट करू देत.

---

कुहीची ताई

शिदोरीचं एक. प्रत्येकाचा डबा वेगळा असला की कोणाच्या डब्यात पुरी, कोणाच्या डब्यात नुसता भात-चटणी. आम्ही आता सगळ्यांचा तांदूळ, आलू, वांगी गोळा करून शाळेतच पहाटे मसालेभात करतो आणि गंजात भरून नेतो. स्वयंपाकाच्या मावशीही सहलीला येतात. त्यांचीही पहिलीच सहल असते.

---

सूरकाठचा मास्तर

मंडळी, सहल झाली. कालपासून लिहीन म्हणतोय.

पत्राची पोच घेतली होती म्हणून एक वनरक्षक मॅडम आमची वाट बघत होत्या. सकाळचं धुकं होतं, बस उशिरा पोचली, अकरा वाजून गेले होते. तरी त्या थांबल्या. मुलांनी ड्रॉइंग शीटचा नकाशा खाली पसरला तेव्हा त्या उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "तुमचं गाव कुठं?" तिघा-चौघांनी एकदम बोट ठेवलं. मग त्यांनी आपलं बोट तोतलाडोहवर ठेवलं आणि कालव्याच्या निळ्या रेघेवरून हळूहळू आमच्या ठिपक्यापर्यंत आणलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी मागे उभा होतो.

ज्या मुलाचा निबंध होता त्याची बहीण समोरच बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, शेवटच्या टोकाला पाणी येत नाही." मॅडम म्हणाल्या, "ते जंगलाच्या हातात नाही ग. कालवा दुरुस्त करणाऱ्यांना विचारायचं. पण हा प्रश्न लिहून ठेव." तिने वहीत लिहून ठेवला आहे. ग्रामसभेत वाचायचा का, असं मला विचारत होती. मी हो म्हटलं.

वाघ अर्थातच दिसला नाही. एकाही मुलाने परतीच्या वाटेवर त्याची तक्रार केली नाही हे मी खरं सांगतो. आजीचे प्रश्न मात्र संपेनात. पाचवीतल्या एकाने विचारलं, अस्वल मोहफुलं खातं तर आम्ही वेचल्यावर त्याला उरतात का? मॅडमना उत्तर द्यायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, पहाटे फार लवकर जाऊ नका, ती त्याची वेळ. रामटेकला गडावर गेलो, दर्शन घेतलं, पाऊण तासात खाली. ताई, मसालेभाताची युक्ती तुमचीच. मावशी बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांनीच पहिलं गाणं म्हटलं.

आता काका, तुमची मदत हवी आहे. आल्यापासून मुलं ठसे शोधत फिरतात. शुक्रवारी कालव्याच्या काठावर ओल्या मातीत एक मिळाला. दुकानातून प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं, ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी गोल उभी केली, दह्याएवढं घट्ट कालवून हळू ओतलं. वीस मिनिटं सगळे श्वास रोखून बसले होते. पालथा करून माती धुतली तर सुरेख निघाला. चार बोटं, नखं उमटली आहेत. म्हणजे बिबट नाही, एवढं मुलांनी स्वतःच सांगितलं. पण कुत्रा की कोल्हा, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. फोटो टाकतो आहे.

---

बीटवाला

फोटो पाहिला. शेजारी पट्टी ठेवून परत काढा, मोजमाप कळत नाही. तोवर पोरांना हे बघायला सांगा: मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना जुळलेल्या आहेत का? जुळल्या असतील तर कोल्हा, सुट्या असतील तर कुत्रा. अन् त्याच काठावर पुढचे-मागचे ठसे अजून असतील तर ते एका रेघेत चालले आहेत की इकडे-तिकडे, तेही बघा. कोल्हा सरळ जातो. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असलं की ठसा स्पष्ट दिसतो.